गाडी लागणारा भाडेकरू पाहिजे

अमरावतीत खोली शोधताना काय काय विचारतात याची मला तोवर सवय झाली होती. आडनाव काय, गाव कोणतं, लग्न कधी करणार, मटण शिजवता का, मित्र येतात का. साईनगरातल्या त्या घराच्या फाटकात उभ्या असलेल्या काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला खालून वर एकदा पाहिलं आणि म्हणाले, "गाडीत बसल्यावर उलटी होते काय तुमाले?"

घरमालकाने असा प्रश्न टाकल्यावर माणूस काय सांगणार? मी खरं ते सांगितलं. मी अकोटचा. अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. एसटी अकोटहून निघाली की अंजनगाव यायच्या आत माझं डोकं खिडकीबाहेर असतं, हे मी मान खाली घालून कबूल केलं. काकांचा चेहरा उजळला. घरात वळून त्यांनी आवाज दिला, "अवं, भेटला! चहा टाक."

माझ्याआधी आलेल्या एका बँकवाल्याला त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं होतं, हे मला पुढे कळलं. चिखलदऱ्याच्या घाटातसुद्धा आपण आरामात पेपर वाचतो, असं तो बिचारा छाती फुगवून सांगत होता. काका त्याला म्हणाले, "तुमी तब्येतीचे माणूस आहा. तुमाले कुठंबी खोली भेटन."

काका वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. नोकरी संपली, तपासणी काही संपली नाही. स्कूटरच्या डिकीत पितळेचं अर्ध्या किलोचं वजन कायम असायचं. भाजीबाजारात ते कधी घासाघीस करत नसत. गुपचूप ते वजन काढायचे, काट्यावर ठेवायचे आणि भाजीवाल्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. त्यांची स्कूटर दिसली की अर्धी लाईन आपापले काटे पुसायला लागायची. एकदा त्यांना ताप आला म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर डॉक्टरांनी पुढे केलेलं थर्मामीटर हातात धरून म्हणाले, "पयले तुमाले लावून दाखवा." डॉक्टर मुकाट्याने थर्मामीटर तोंडात धरून बसले. त्यांचा ताप नॉर्मल निघाल्यावरच काकांनी स्वतःचा मोजू दिला.

कुठल्याही आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "आकडा काहीबी सांगते, सर. पयले काटा शून्यावर हाये का ते पाहा," हे त्यांचं पालुपद. मी नापास झालेल्या पोरांचे पेपर तपासत बसलो की ते दारातून डोकावून हेच म्हणायचे, आणि मला उगाच ते पेपर पुन्हा तपासावेसे वाटायचे.

असा हा माणूस गाडी घ्यायला निघाला होता, तेही विजेवर चालणारी. त्यामागे काकू होत्या.

काकूंना गाडी लागायची. लागायची म्हणजे तुमच्याआमच्यासारखी नाही. दारात ऑटो येऊन थांबला तरी त्या पदर नाकाला लावायच्या. बस नाही, जीप नाही, रेल्वेतही तीच गत. एकदा तर त्यांना मूर्तिजापूरलाच उतरवून घ्यावं लागलं होतं. आयुष्यभर त्यांचं यात काही अडलं नव्हतं, कारण अकोल्याची मोठी बहीण स्वतःच दर सणाला अमरावतीला यायची. तिला सगळे बाई म्हणत. आई लवकर गेल्यामुळे बाईंनीच काकूंना न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. त्या बाई न्हाणीत पडल्या, कंबर गेली, आणि डाबकी रोडवरच्या घरात खाटेला खिळल्या. आता जायचं तर काकूंनीच जायचं होतं.

काकांनी एकदा प्रयत्न करून पाहिला होता. डॉक्टरांच्या गोळ्या देऊन काकूंना भाड्याच्या गाडीतून नेलं. गोळ्या इतक्या लागू पडल्या, की काकू झोपेत अकोल्याला पोचल्या, झोपेतच बहिणीशेजारी पडून राहिल्या आणि झोपेतच परत आल्या. साईनगरला डोळे उघडून त्यांनी विचारलं, "कवा निघाचं?" हे सांगताना काका हसायचे. काकू हसायच्या नाहीत. त्या रोज संध्याकाळी बाईंशी व्हिडिओ कॉल करायच्या आणि फोन ठेवला की तेच म्हणायच्या, "तोंडच दिसते निरा. हात लावता येत नाही."

मग काकांना कुणीतरी सांगितलं, की विजेच्या गाडीला वास नसतो, धूर नसतो, इंजिनाची थरथर नसते. काकांनी मनाशी ठरवून टाकलं. बेताच्या आकाराची, गल्लीत वळणारी, चढाउतरायला उंच, रोज गावात फिरवता येईल अशी विजेची एसयूव्ही घ्यायची आणि काकूंना अकोल्याला न्यायचं. पण कंपनीच्या सांगण्यावर विश्वास ठेवणार कोण? गाडी लागते की नाही याची खात्री आधी करायला हवी होती, आणि ती काकूंना त्रास न देता.

"तिच्यावर कायले तपासाचं?" काका मला म्हणाले. "बायकोले त्रास देऊन तपासणी करते काय कोनी?"

"आणि मला त्रास देऊन?"

"तुमी भाडेकरू आहा," काका समजावणीच्या सुरात म्हणाले.

खोली हवेशीर होती. मी हो म्हणालो.

तपासणीची पद्धत पक्की ठरलेली असे. रविवारी सकाळी काका मला स्कूटरवर बसवून राजकमल चौकाकडे न्यायचे आणि एक प्लेट गिला वडा, वर दही, आणि अर्धा कप चहा माझ्या पोटात घालायचे. प्रत्येक गाडीला भार सारखाच हवा, कमीजास्त झाला तर तुलना कशी करणार, असं त्यांचं म्हणणं. मग दहा मिनिटं बाकावर बसवून ठेवायचे आणि विचारायचे, "शून्यावर आहा?" मी मान हलवली की आम्ही शोरूमकडे निघायचो. एकदा गंमत म्हणून मी दुसरी प्लेट मागितली, तर काका घाबरलेच. म्हणाले, "मापाच्या बाहेर नका जाऊ."

पहिल्या शोरूमचे टायवाले साहेब मला अजून आठवतात. भला माणूस. एका चार्जिंगमध्ये किती चालते, रात्री घरच्या प्लगवर लावली तर सकाळी कशी तयार मिळते, पाण्यात किती खोल जाते, मागे किती बॅगा मावतात, सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गाडी कितीबी चालन हो. मागचा माणूस कुठवर चालते, ते सांगा."

"म्हणजे, सर?"

"म्हंजे ओकते कुठं?"

साहेबांनी टाय सैल केला. त्यांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न आलेला नसावा.

काकांनी स्टीअरिंग हाती घेतलं, साहेब शेजारी बसले, मी मागे. काकूंप्रमाणे मी डोळे मिटून घ्यायचे, खिडकी बंद ठेवायची, असा हुकूम होता. गाडी निघाली तेव्हा खरंच आवाज नव्हता. मला वाटलं, आज जिंकलो. पण या गाड्यांची एक खोड असते. वेगाच्या पेडलवरून पाय उचलला की त्या आपोआप थबकतात. साहेब अभिमानानं सांगू लागले, "पाहा सर, ब्रेक दाबायलाच लागत नाही. पाय उचलला की गाडी हळू होते आणि करंट बॅटरीत परत जातो." काकांना ते फार आवडलं. सरकारी जीप चालवून पक्का झालेला त्यांचा पाय आता दाब-सोड, दाब-सोड करू लागला. गाडी पुढे झुके, मागे बसे. इर्विन चौकापर्यंत मी दात आवळून होतो. पुढच्या गतिरोधकाला गिला वडा बाहेर आला.

काकांनी गाडी बाजूला घेतली, मला पाणी दिलं आणि साहेबांकडे वळून म्हणाले, "करंट बॅटरीत परत जाते, अन् नाश्ता याच्या तोंडात."

त्यानंतर आम्ही गावातली एकेक विजेची गाडी धरली. पांढरी, लाल, राखाडी. काही गाड्यांत ते थबकणं कमीजास्त करता येतं, म्हणून काका प्रत्येक पायरीवर मला वेगवेगळं फिरवून आणायचे. इतवाऱ्यातली गर्दी, उड्डाणपूल, छत्री तलावाचा रस्ता, शाळा सुटायच्या वेळचा पंचवटी चौक. रोजच्या वापराची गाडी रोजच्याच रस्त्यावर तपासली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. फक्त तपासणीचं यंत्र मी होतो, एवढीच तक्रार. कुणी शेजारी काकांना विचारायचा, "राखाडी कशी हाये, काका?" आणि काका गंभीरपणे सांगायचे, "चांगली हाये. बडनेऱ्याच्या अलीकडंपर्यंत." शोरूमवाले मागच्या सीटवर प्लास्टिक पसरायला लागले. एका ठिकाणी तर चौकीदारानं मला ओळखलं आणि फाटकच लावून घेतलं.

अमरावती संपली तेव्हा काका अकोल्याकडे वळले. बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडून आम्ही तिथे पोचलो, पण रेल्वेच्या हिसक्यांनी मी शून्यावर नव्हतो. शून्यावर येईपर्यंत टाकायचं कुठं? काकांनी मला सरळ बाईंच्या घरी नेलं आणि दुसऱ्या खाटेवर आडवं केलं.

बाई अगदी चिमूटभर उरल्या होत्या. डोळे मात्र टक्क. त्यांनी दाराकडे बराच वेळ पाहिलं, माझ्यामागून कुणी येत नाही हे बघितलं आणि काकांना विचारलं, "तिले नाही आनलं?"

"आनतो, बाई. गाडीचं पाहूनच रायलो."

"अन् हा कोन?"

"हे तिच्या जागी आहेत," काका म्हणाले.

काकांनी सगळी हकीकत सांगितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी हात लांब केला आणि माझ्या कपाळावर ठेवला. हात खडबडीत होता, थंड होता. "तुलेबी लागते काय रे बापा?" त्या म्हणाल्या. "लहानपनी ती अशीच पिवयी पडत जाय." मी डोळे मिटून पडून राहिलो. त्या हातावर माझा हक्क नव्हता, हे मला कळत होतं आणि फार वाईट वाटत होतं. त्या दुपारी अकोल्याच्या शोरूममध्ये मी टॉवर चौकाच्या पुढे टिकलो नाही, पण काकांना आज त्याचंही काही वाटत नव्हतं.  परतताना मूर्तिजापूरला ते म्हणाले, "घाई केली पाहिजे, सर."

आणि काही आठवड्यांनी ती निळी गाडी आली. बडनेरा रोडवरच्या नव्या शोरूममध्ये. गिला वडा, दही, चहा, शून्य. काकांनी इतवारा केला, उड्डाणपूल केला, बडनेऱ्याला जाऊन परत आणलं. मला काहीच झालं नाही. काकांनी मागे वळून पाहिलं, त्यांचा विश्वास बसेना. थबकण्याची सगळ्यात कडक पायरी लावून त्यांनी पुन्हा तोच फेरा मारला. मी मागून विचारलं, "काका, चहा घ्यायचा का?" त्यांनी गाडी थांबवली. त्यांचे डोळे भरून आले होते. तिथल्या टायवाल्या साहेबांनी, सीटला काही झालं नव्हतं म्हणून असेल, माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला.

निळी गाडी घरी आली. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली, काकूंनी कुंकू लावलं. नवी साडी नेसून, बाईंसाठी केलेल्या मुंगवड्यांचा डबा मांडीवर घेऊन त्या मागे बसल्या. मी आणि अख्खी गल्ली फाटकात उभे राहून हात हलवत होतो. गल्ली पांगायच्या आत गाडी परत आली. नवाथे चौकसुद्धा झाला नव्हता. काकू उतरल्या, डबा ओट्यावर ठेवला आणि पदरात तोंड घेऊन आत गेल्या.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी भाजीबाजारात पाहिलेली होती.

"चला," ते म्हणाले.

चांदूर रेल्वेला जाणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये त्यांनी मला मागच्या फळीवर, उलट्या तोंडानं बसवलं. पायाशी डिझेलचा डबा, बाजूला कोंबड्यांची टोपली. काका समोर बसून माझ्या चेहऱ्यावरची एकेक रेघ वाचत होते. मी अर्ध्या वाटेत शेंगदाणे घेतले. परतताना मला झोप लागली. साईनगरला काकांनी मला हलवून उठवलं आणि दुःखानं म्हणाले, "तुमी बिघडले."

सवयीनं मी बरा झालो होतो. इतक्या रविवारांत पोटाने हार मानली होती, आणि पास गाडी झाली नव्हती, मी झालो होतो. काका पायरीवर बसून होते. "वापरातला काटा मुदतीत पुन्हा तपासून घ्या लागते. हे केलं नाही म्हनून मी जलमभर लोकायले धरलं, सर. अन् घरातला काटा तपासाले इसरलो." अकोटला ही बातमी कळल्यावर माझ्या आईनं पेढे वाटले. काकांनी मात्र मला मोठ्या अदबीनं सांगितलं, की आता खोली सोडावी लागेल. नवा भाडेकरू पाहणं भाग होतं.

निळी गाडी अंगणात उभी राहिली. काका ती रोज पुसायचे, नेमाने चार्ज करायचे. आणि फाटकात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, ओळखीत कुणी गाडी लागणारा आहे का.

अशाच एका सकाळी अकोल्याहून भाच्याचा फोन आला. बाईंनी जेवण सोडलं होतं. धाकटी कवा येते, एवढंच विचारतात, म्हणाला. काकूंनी फोन ठेवला, तोंड धुतलं आणि त्या फाटकाशी आल्या. काका एका विमा एजंटाला घाट लागतो का ते विचारत होते.

"कोनाले धुंडून रायले तुमी?" काकू म्हणाल्या. त्यांचा चढा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "बाबाच्या बैलगाडीत मी मांगं बसली का उलटी होत जाय. बाबानं कासरा माया हाती देल्ला का काईच नाही. शेतातून घरापोतर मीच हाके. हाकनाऱ्याले लागत नाही. तुमाले जलमात कधी लागली?"

काका विचारात पडले. "तुले कार येते काय?"

"तुमाले तरी कुठं येते? गाडीत दोष नाही, तुमच्या पायात हाये. किल्ली आना."

काकांनी किल्ली दिली. दसरा मैदानावर काकूंची शिकवणी सुरू झाली. क्लच नाही, गिअर नाही, गाडी नुसती दाबली की चालते आणि सोडली की थबकते. काकूंना ते बैलासारखंच वाटलं; थांबवताना त्या सुरुवातीला तोंडानं "हो, हो" म्हणायच्या. लायसन निघेपर्यंत त्यांनी शिकवणाऱ्यासोबत गिरणी केली, भाजी केली, राजकमल चौक केला. काकांना जवळ फिरकू दिलं नाही. एकदाही पदर नाकाला लागला नाही. माझी खोलीही वाचली.

अकोल्याला निघालो तेव्हा काकू पुढे, मी शेजारी. काका मागे, कारण पुढे बसले की तुमी शिकवता, असं काकूंनी स्वच्छ सांगितलं. काकू छान चालवत होत्या, फक्त समोर ट्रक दिसला की पाय उचलायच्या, आणि अकोल्याच्या रस्त्यावर ट्रकला तोटा नाही. मूर्तिजापूर गेलं तेव्हा मागून बोलणं बंद झालं. बोरगाव मंजू यायच्या आधी काकांचा बारीक आवाज आला, "अवं, जरा थांबव."

रस्त्याच्या कडेला, एका बाभळीला धरून, त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा गाडी लागली. काकू पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभ्या होत्या. जरा सावरल्यावर काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा पिवळा, डोळ्यांत पाणी.

"हे असं असते काय वं?"

"असंच असते."

"मंग इतकी वर्सं तू बोलली कावून नाही?"

"तोंड उघडता आलं असतं तं बोलली असती," काकू म्हणाल्या आणि पदराच्या टोकानं त्यांचं तोंड पुसलं. काका लहान मुलासारखे उभे राहून पुसू देत होते. मी गाडीकडे वळून उगाच टायर पाहत बसलो.

डाबकी रोडला काकू चप्पल न काढताच आत गेल्या. खाटेवर बसल्या, बाईंचं डोकं मांडीवर घेतलं. बराच वेळ दोघी नुसत्या एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. मग बाईंनी विचारलं, "कोनासंगं आली वं?"

"मीच आली," काकू म्हणाल्या आणि काकांकडे बोट केलं. "यायलेबी मीच आनलं."

बाईंनी मान वळवून दाराकडे पाहिलं. काका उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसले होते, हातात लिंबू. "यायले काय झालं?"

"गाडी लागली."

बाई हसायला लागल्या. कंबर दुखत होती तरी हसत राहिल्या, शेवटी काकूंना त्यांची पाठ धरावी लागली. काकाही लिंबू हुंगत हुंगत हसले. त्या दिवशी मुंगवड्यांच्या भाजीशी बाईंनी अर्धी पोळी खाल्ली. काकांनी काहीच खाल्लं नाही, पण बहिणींचं जेवण होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.